उदमांजर समजून बुजवलेलं भोक

मंडळी, आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत डक्टच्या भिंतीतून आठवडाभर कुणी धापा टाकल्यासारखा आवाज येत होता. चेअरमन म्हणाले, "उदमांजर आहे." आज सकाळी त्यांनी भिंतीतलं भोक सिमेंटनं बुजवून घेतलं.

दुपारी मी डक्टच्या तळाशी पाहिलं. उदमांजर फळं खातं, त्याच्या विष्ठेत बिया दिसतात. इथे बी एकही नव्हती. उंदरांची हाडं आणि केस यांच्या गोळ्या होत्या. अशा गोळ्या घुबड ओकतं.

चेअरमनना सांगितलं, तर त्यांचा चेहरा उतरला. "अहो, आधी बोलायचं! घुबडाला मारलेला दगड ते घासत बसतं म्हणतात. दगड झिजतो, तसा मारणारा झिजतो."

"म्हणजे उदमांजर गुदमरलं असतं तर चाललं असतं?"

त्यांनी लगेच सिमेंट फोडून भोक मोकळं करायला लावलं. आत दोन पिल्लं होती, जिवंत.

आता अंधार पडलाय. पिल्लांची आई अजून फिरकलेली नाही. पिल्लांचा तोच आवाज येतोय, पण मला तो दगड घासल्यासारखा ऐकू येतो.

बुजलेलं भोक पाहून गेली असेल, तर आई परत येते का हो? माहीत असेल त्यांनी आत्ताच सांगा.