कॅलेंडरमागचं भगदाड

पाहुण्यांसमोर घर नीट दिसलं पाहिजे, या एका खुळापायी मी माझ्या मुलीचे पाच महिने वाया घालवले. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी सरकारवर तोंड सोडणार आहे, तेव्हा कुणी म्हणायला नको की बाईला स्वतःचं काही दिसत नाही.

२००४ च्या हिवाळ्यात लेक चौदा वर्षांची होती. अमेरिकेत, नेपरव्हिलमधल्या आमच्या घराच्या भिंती इथल्या बहुतेक घरांसारख्याच, म्हणजे रंग दिलेला पुठ्ठा. तिच्या मानसिक आजाराने उचल खाल्ली की ती भिंतीवर मुठी मारायची. एकदा डोकं आपटलं, तेव्हा हॉलमध्ये भगदाड पडलं. दोनदा ती बर्फात अनवाणी निघून गेली होती. तीनदा हॉस्पिटलमध्ये ठेवलं. दर वेळी इन्शुरन्सचे दिवस संपले की ती घरी, आणि दोन आठवड्यांत पुन्हा तेच. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हिला निवासी उपचार केंद्रात वर्षभर तरी राहायला हवं. तो खर्च आम्हाला घर विकूनही झेपला नसता. अशा मुलांसाठी राज्य सरकारचा निधी असतो असं कळलं, म्हणून अर्ज केला. घर बघायला आणि मुलीशी बोलायला एक बाई येतील, असं पत्र आलं.

आणि आम्ही काय केलं? घर आवरलं! नवऱ्याने निखळलेलं दार बसवलं. भगदाडावर मी इथल्या मराठी मंडळातून मिळालेलं कॅलेंडर टांगलं. पोहे केले, वर खोबरं-कोथिंबीर पेरली, बाई नको नको म्हणत असताना दुसऱ्यांदा वाढले. लेक त्या दिवशी शांत होती, केस विंचरून बसली होती. घरी कसं चाललंय, असं बाईंनी विचारलं आणि मी शहाणी म्हणाले, "फाइन, फाइन. शी इज अ व्हेरी गुड गर्ल." नवऱ्याने तिचे गणिताचे मार्क सांगितले. थोडक्यात, आम्ही मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम केला. निघताना बाईंच्या हातात चिवड्याची पुडीही दिली.

सहा आठवड्यांनी नकार आला. घर शांत, आईवडील समर्थ, मुलगी सहकार्य करणारी. निवासी उपचारांची गरज दिसत नाही. मी पत्र टेबलावर आपटलं आणि त्या बाईंना आंधळी म्हणाले. लेक जिन्यात बसून ऐकत होती.

"मॉम, यू टोल्ड हर आय वॉज फाइन," ती म्हणाली. "आय वॉन्टेड टु गो."

तिला जायचं होतं. हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

चौथ्यांदा ती हॉस्पिटलमध्ये गेली तेव्हा तिथल्या सोशल वर्करने मला बाजूला घेऊन उपाय सुचवला. डिस्चार्जच्या दिवशी तिला घरी न्यायला नकार द्यायचा. मग मुलीचा ताबा सरकारकडे जातो आणि सरकारच्या मुलीचा खर्च सरकार करतं. पुष्कळ आईबाप असंच करतात, ती खालच्या आवाजात म्हणाली. बाई वाईट नव्हती, तिलाही ते बोलताना कसंतरी होत होतं. पण मी पेटले. म्हणजे मुलगी माझी असली तर मदत नाही, टाकून दिली तर आहे! मी तिला सांगितलं, "मुलगी देणार नाही आणि उपचारही सोडणार नाही." त्याच आठवड्यात अपील केलं.

मंडळातल्या एक काकू समजवायला आल्या. "अगं, अपील म्हणजे सगळं रेकॉर्डवर येणार. उद्या तिचं लग्न करायचंय. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"काकू, त्या मुठीत माझी पोर गुदमरतेय," मी म्हणाले. "मी मूठ उघडणार. ज्याला बघायचंय त्याने बघावं."

काकूंनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि पुढे वर्षभर फोन केला नाही. बरं झालं.

अपिलामुळे त्याच बाई पुन्हा आल्या. या वेळी मी केरसुद्धा काढला नव्हता. दार पुन्हा निखळून भिंतीला टेकलेलं होतं. कॅलेंडर काढायचं धाडस मात्र झालं नव्हतं. आलेल्या माणसाला पाणीही न विचारता बसवणं मला फार जड गेलं, पण बसवलं. मग सगळं सांगितलं. सुऱ्या-कात्र्या गाडीच्या डिकीत ठेवतो. आम्ही दोघं आळीपाळीने झोपतो. मला तिची काळजी वाटते आणि तिची भीतीही वाटते.

हे शेवटचं मी लेकीसमोर कधी बोलले नव्हते. ती उठली. आता काहीतरी फुटणार, असं मला वाटलं. तिने जाऊन कॅलेंडर काढलं, जमिनीवर ठेवलं आणि बाईंकडे वळून म्हणाली, "दॅट वॉज माय हेड."

बाईंचं पेन थांबलं. मग त्या बराच वेळ लिहीत राहिल्या.

मंजुरी आली. केंद्र दोन तासांवर, मक्याच्या शेतांमध्ये होतं. प्रवेशाच्या टेबलावरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "केसवर्कर कोण?" तिथली बहुतेक मुलं सरकारच्या ताब्यातली, त्यांना सोडायला सरकारी माणूसच यायचा.

"केसवर्कर नाही," मी म्हणाले. "मी आई आहे."

त्याने फॉर्म पुढे सरकवला. पालकाच्या जागी 'राज्य' असं आधीच छापलेलं होतं. मी ते खोडलं आणि शेजारी इतकं दाबून सही केली की खालच्या तिन्ही प्रतींवर उमटली.

"मॉम, यू विल टेअर इट," लेक पुटपुटली.

"फाटू दे," मी म्हणाले. "दुसरा मागू."