आजींच्या विरुद्धचं मत

टीव्हीवरचा वादविवाद संपला तेव्हा मी शेजारच्या आजींच्या सोफ्यावर पेंगत होते. सकाळपासून पायांवर उभी होते. आयर्लंडमध्ये लिमरिक शहराच्या बाहेर एका कारखान्यात रक्तवाहिनीत घालायच्या बारीक नळ्या बनतात, आणि त्या नळ्यांत खोट आहे का ते बघणं हे माझं काम. आठ तास खोट शोधून आलेल्या माणसाला राष्ट्रपतिपदाचे उमेदवार दाखवू नयेत. तिघांपैकी एकही माझ्या टेबलावरून पुढे गेला नसता.

आजींना मी प्रत्यक्षात नावानंच हाक मारते. इथं ऐंशीच्या बाईलाही नावानंच हाक मारतात, आणि कुणी आजी म्हटलेलं त्यांना खपलंही नसतं. पण मनातल्या मनात त्या माझ्या आजीच, आणि अहो-जाहोच. भिंतीला भिंत लागून घर, नऊ वर्षांचा शेजार. फेब्रुवारीत त्यांचे यजमान गेले तेव्हा तीन दिवस मी त्यांच्या ओट्याशी उभी राहून कपबश्या विसळत होते. तेव्हापासून टीव्हीवर भांडण्यासारखं काही असलं की त्या मला बोलावतात. पूर्वी भांडायला यजमान होते.

तर ते तिघं. निळ्या टायचे गृहस्थ सगळ्या प्रश्नांना हसून उत्तर देत होते, घरांच्या टंचाईच्या प्रश्नालासुद्धा. चष्म्याच्या बाई मुद्द्याचं बोलायच्या, पण एका जुन्या प्रकरणाबद्दल विचारलं की आवाज खाली जायचा आणि उत्तर भलतीकडेच. मला त्या आवडत होत्या आणि नेमका तिथंच विश्वास उडत होता. बरं, निळ्या टायला एकदाचं निकालात काढावं, तर शेवटी आईबद्दल बोलताना त्यांचा गळा दाटून आला, आणि तो खराच आला होता. म्हणजे तेही धड नाही. तिसरे बोलत होते एवढंच आठवतं. आणि हे सगळं कशासाठी, तर इथल्या राष्ट्रपतीला सह्या करायच्या, पाहुण्यांशी हात मिळवायचे आणि खेळांच्या अंतिम सामन्याला जाऊन बसायचं. ज्या घरांवरून ही मंडळी तासभर भांडली, ती बांधणं त्यांच्यातल्या कुणाच्याच हातात नाही. मला वैताग आला होता, आणि वैतागायचंही त्राण नव्हतं.

आजींनी टीव्ही बंद केला. "कुणाला देणार?"

"बाईंना," मी म्हटलं. "नाइलाजानं."

"मीही. नाइलाजानंच, आमच्या पक्षाची म्हणून." थोडा वेळ त्या रिमोट बाहीला पुसत बसल्या. मग म्हणाल्या, "तू असं कर ना, तू युअर मॅनला दे."

इथं कुणाचं नाव तोंडात घ्यायचं नसलं की 'युअर मॅन' म्हणतात. म्हणजे निळा टाय. आजींच्या यजमानांच्या पक्षाचा माणूस.

मग त्यांनी सांगितलं. दोघांची घराणी दोन पक्षांची, पार पणजोबांपासूनची. लग्न झालं तरी पक्ष कुणी बदलला नाही. पन्नास वर्षं प्रत्येक निवडणुकीला दोघं एका गाडीतून जायची, एकाच शाळेत मत द्यायची, ह्याचं तिकडे, हिचं इकडे. दोघं घरी बसली असती तरी देशाला काही फरक पडला नसता. पण घरी बसायचं कधी डोक्यात आलं नाही. मत देऊन झालं की जवळच्या कॅफेत एक स्कोन, म्हणजे इथला जाडसर गोड पाव, मागवायचा, अर्धा अर्धा खायचा आणि घरी यायचं.

"आता माझं मत एकटंच जाऊन पडणार," आजी म्हणाल्या. "त्याला उत्तर द्यायला कुणी नाही. तो मेल्यावर त्याच्या पाठीत सुरी खुपसल्यासारखं वाटतंय मला. त्याचं मत देणारं कुणी असेल तर मी जाईन. नाहीतर नाही जात, राहू दे."

दमलेलं माणूस काय म्हणणार. मी "बरं" म्हटलं आणि घरी आले.

घरी येऊन चपला काढल्या आणि मग कळलं की मी काय कबूल करून बसले.

कारण हे माझं इथलं पहिलं मत होतं. गेल्या वर्षी नागरिकत्व घेतलं. त्यासाठी भारताचा पासपोर्ट परत करावा लागला, तो त्यांनी 'रद्द' असा शिक्का मारून माझ्या हातात दिला. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आता तू तिकडची." रागानं नाही, नुसतंच म्हणाली, आणि मग विचारलं की भाजी काय केलीस. पासपोर्ट देऊन मिळालं काय, तर विमानतळावरची लहान रांग आणि एक मत. त्या मताची मी वर्षभर वाट बघत होते. उमेदवार कसेही निघाले तरी ते मला माझं हवं होतं. आणि तेच मी, बिस्किटं खाता खाता, वारलेल्या आजोबांच्या नावानं, ज्याला मी कधी मत दिलं नसतं अशा माणसाला कबूल करून आले होते.

नवऱ्याला सांगितलं. त्याचं नागरिकत्व अजून अर्जातच आहे, त्यामुळे त्याची मतं भरपूर आणि मत एकही नाही. तो म्हणाला, "देऊन टाक ना त्यांच्यासाठी, कोण बघतंय." मी म्हटलं, अरे, माझं पहिलं मत आहे. तर म्हणाला, "मग नको देऊस. कोण बघतंय." असा सल्ला मिळाला की माणसानं भांडी घासायला घ्यावीत. मी घेतली.

मतदानाच्या दिवशी मी कामावरून लवकर निघाले. आजी दारात तयार उभ्या होत्या, चांगला कोट, ओठांना रंग. गाडीत बसल्या, पट्टा लावला आणि मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून ठेवली. यजमान गेल्यापासून दवाखाना सोडला तर त्या कुठे गेल्या नव्हत्या. शाळेच्या फाटकाशी आल्यावर त्यांनी विचारलं, "देशील ना?"

"देईन," मी म्हटलं.

शाळेत लहान मुलांच्या वर्गात मतपेटी ठेवली होती. भिंतीवर कागदी घुबडं. पुण्यात यंत्राचं बटण दाबायची सवय, इथं कागद, दोरीला बांधलेली शिसपेन्सिल, प्रत्येक उमेदवाराचा फोटो, आणि पसंतीप्रमाणे समोर एक, दोन, तीन आकडे घालायचे. बोटाला शाई नाही. शाई लावणार नाहीत हे मला माहीत होतं, तरी आधी बोट पुढे केलं. टेबलामागची बाई बघत राहिली.

आडोशाला उभी राहिले. निळा टाय फोटोतही हसत होता. मी पेन्सिल त्याच्यासमोर नेली. खरंच नेली. आजींचं "देशील ना?" आठवलं. मग तो शिक्का मारलेला पासपोर्ट आठवला, आणि मला स्वतःचाच राग आला, की अगं, इतकं सगळं करून तू इथं येऊन दुसऱ्याच्या नवऱ्याचं मत देणार. मी चष्म्याच्या बाईंसमोर एक घातला. निळ्या टायला दोन घातला, तोंडदेखला. कागद दुमडला, पेटीत टाकला. वर्षभर ज्याची वाट बघितली ते मिनिटभरात झालं.

आजी आडोशाला बराच वेळ होत्या. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते.

कॅफेत त्यांनी सवयीनं एकच स्कोन मागवला. तो आमच्या दोघींच्या मधे बशीत तसाच पडून राहिला, सुरी बाजूला. चहा आला.

"दिलंस?" त्यांनी विचारलं.

"दिलं," मी म्हटलं. पंचेचाळीस वर्षांची बाई मी, आणि शाळेत गृहपाठ न करता केला म्हणून सांगताना व्हायचं तसं झालं.

आजींनी चहात साखर घातली आणि ढवळतच राहिल्या. "मग घोटाळा झाला," त्या म्हणाल्या. "मीही त्यालाच दिलं."

"कुणाला?"

"युअर मॅनला. बाईंसमोर आकडा घालायला गेले, तर वाटलं, ह्या कागदावर त्याच्यातर्फे कुणीच नाही. तू होतीस, कबूल. पण तू थोडीच त्याची बायको. जन्मभर ज्या पक्षाला शिव्या घातल्या, त्यालाच एक नंबर लिहून आले." त्यांनी चमचा खाली ठेवला. "म्हणजे आज त्याला दोन मतं. जिवंतपणी एकदाही जिंकला नाही माझ्याशी, आणि आता बघ. आणि माझी ती बिचारी बाई, तिच्यासाठी कुणीच नाही. आमच्यात असं कधी झालं नव्हतं." मग त्या रडल्या. मोठ्यानं नाही, फक्त चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळ्यांतून पाणी येऊ दिलं.

गप्प राहणं सोपं होतं. मला वाटलंही, राहू दे, पडू देत आजोबांना दोन मतं, बिघडलं कुठं. पण समोर त्या अशा बसलेल्या मला बघवेना.

"मी नाही दिलं," मी म्हटलं.

त्यांनी वर बघितलं.

"मी खोटं बोलले. मी बाईंना दिलं. मला माझं मत माझ्या मनासारखंच द्यायचं होतं. चुकलंच माझं."

आजी माझ्याकडे इतका वेळ बघत राहिल्या की आता नऊ वर्षांचा शेजार संपला असं मी धरूनच चालले. घरी जाऊन नवऱ्याला काय सांगायचं हेही मनात जुळवायला घेतलं होतं. मग त्यांनी चष्मा लावला, नाक पुसलं आणि सुरी उचलली.

"म्हणजे फिट्टंफाट," त्या म्हणाल्या.

त्यांनी स्कोनचे दोन तुकडे केले. एकावर लोणी लावलं, भरपूर, मी कधी लावणार नाही इतकं, आणि बशी माझ्याकडे सरकवली. "हा त्याचा," त्या म्हणाल्या. "खा."

मी खाल्ला.