कुंडी परत आणून देऊ

मंडळी, हॉस्पिटलच्या फार्मसीतली ड्यूटी संपवून आज पुन्हा एका नव्या जोडप्याला आपलं डनिडन गाव दाखवून आणलं. पायाचे तुकडे पडलेत, तरी तुम्हा सगळ्यांना ही ई-मेल केल्याशिवाय चैन पडेना.

नवरा युनिव्हर्सिटीत पीएचडीला आलाय. बायको मधुरा, साताऱ्याची. नेहमीचाच फेरा मारला. तुम्ही इथे होतात तेव्हा फळ्या ठोकून बंद होती ना ती जुनी बँक, तिथे आता कॉफी मिळते. शेजारच्या गोदामात कॉलेजची मुलं नाटकं करतात. भर थंडीत जँडल्स, त्या रबरी चपला, घालून फुटपाथवर गप्पा ठोकत बसलेली पोरं बघून मधुरा म्हणाली, "ताई, काय मस्त वर्दळ आहे हो!"

आहेच. मीही जीव तोडून कौतुक केलं. माझी लेक मागून पुटपुटली, "मम, यू से द सेम थिंग एव्हरी टाइम."

मग घरी चहा झाला. खिडकीत कढीपत्त्याच्या कुंड्या आहेत. ऑकलंडला जाताना तुम्ही एकेक जण माझ्याकडे ठेवून गेलात, त्याच. हे सगळं सांगत त्यातली एक मी मधुराला दिली.

तिने ती दोन्ही हातांनी घेतली आणि अगदी प्रेमाने म्हणाली, "थँक्यू ताई. आम्ही ऑकलंडला जाताना नक्की परत आणून देऊ."

अहो, अजून तिच्या बॅगासुद्धा उघडल्या नाहीयेत!

ऑकलंडच्या मनुरेवाकरांनो, पुकेकोहेकरांनो, तुमची झाडं मजेत आहेत. गावातली बंद दुकानंही उघडली. तुमच्यापैकी कुणी निदान कुंडी न्यायला तरी येणार आहे का?