पूलवाल्या बाई

विद्यापीठात त्या प्राध्यापिका होत्या; शाळाशाळांतून मात्र पूलवाल्या बाई. ज्या वस्त्यांतून आजवर कुणी इंजिनिअर झालं नाही, तिथल्या पोरांना इंजिनिअरिंगची गोडी लावायची, हे काम त्यांनी तरुणपणी हौसेनं अंगावर घेतलं. हौस कधीच फिटली. काम तेवढं अंगाला चिकटून राहिलं.

पोरांनी आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल बांधायचा, त्याला बादली टांगायची, बादलीत वाळू ओतायची. सुरुवातीला पूल धडाधड मोडत. मग विभागप्रमुखांनी सुचवलं, की मोडका पूल अहवालातल्या फोटोत बरा दिसत नाही. तेव्हापासून बाई पुलाच्या पोटाखालून गुपचूप एक तार ओढून घेत. पूल टिकू लागले, फोटो छान येऊ लागले, आणि परतताना गाडीत बाईंना गाढ झोप येऊ लागली.

आज विभागप्रमुख जातीनं आले होते. उपक्रम चालू ठेवायचा की गुंडाळायचा, हे आज ठरणार होतं. आणि नेमकी आजच एक चष्मेवाली पोर पुलाखाली वाकली.

"बाई, ही तार आमची नाही."

"असू दे गं."

"मग बादली कोण धरतंय? आम्ही की तार?"

"तार पास, आपण नापास!" मागून कुणीतरी ओरडलं. वर्ग खिदळला.

विभागप्रमुख खाकरले. "मॅडम, फोटो उरकून घ्या. मला मीटिंग आहे."

बाईंनी तारेकडे पाहिलं. सर्टिफिकेट मिळणार का, याखेरीज दुसरा प्रश्न त्यांना कित्येक वर्षांत कुणी विचारला नव्हता. त्यांनी पिशवीतून पक्कड काढली आणि तार तोडली.

पोरं बादलीत वाळू ओतू लागली. काड् काड् झालं आणि बादली थेट साहेबांच्या बुटावर.

"सर, बूट काढून झटका, निघते वाळू," चष्मेवालीनं धीर दिला आणि ती फरशीवर फतकल मारून तुकडे चिवडू लागली. "बाई, काड्या शाबूत आहेत! नुसता डिंक सुटलाय!"

सगळा वर्ग तिच्याभोवती गोळा झाला.

"अहवालात काय लिहायचं आता?" दारातून साहेबांनी विचारलं.

"पूल पडला, असं लिहा."

"मग पुढच्या वर्षीचं तुम्हाला कळलंच असेल."

"कळलं, सर."

ते गेले. बाई खरोखरच दमल्या होत्या. गुडघ्यावर हात टेकत, हळूहळू त्या पोरांच्या घोळक्यात खाली बसल्या.

"सरका रे जरा. कुठे सुटलाय, दाखव."