अखिल भारतीय रातांबा

मी अलिबागला कोर्टासमोर टायपिंग करते. पूर्वी मशीन होतं, आता लॅपटॉप आणि प्रिंटर आहे. मजकूर मात्र तोच. "वर लिहिलेले सर्व माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरे व बरोबर आहे." पंचवीस वर्षांत हे वाक्य मी कसल्या कसल्या कागदांच्या तळाशी टाइप केलंय ते विचारू नका. माणूस समोर बसून डोळ्यांत पाणी आणून खोटं सांगतो आणि मी त्याचं शुद्धलेखन सुधारते.

हे सांगायचं कारण, भारतातल्या पेंटबॉल नावाच्या खेळाची मी काही काळ सरन्यायाधीश होते. हसू नका. मलाही आधी हसूच आलं होतं.

माझ्या धाकट्या भावाची नागावला नारळी-पोफळीची वाडी आहे आणि वाडीत पाहुण्यांसाठी चार खोल्या. किनाऱ्यावर ज्याच्या त्याच्या दारात केळ्याच्या आकाराची बोट उभी. समुद्रात आता माशांनाही जागा उरली नव्हती, म्हणून भावाने वाडीत युद्ध सुरू केलं. दोन संघ, हातात हवेवर चालणाऱ्या बंदुका, त्यात रंगाच्या गोळ्या. गोळी अंगावर फुटली की माणूस बाद. पलीकडच्या टोकाचा झेंडा जो आधी उपटेल तो जिंकला. मुंबईहून बोटीने येणारी माणसं यासाठी रांग लावतात, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

मैदानासाठी फ्लेक्स करायला टाकला. छापणाऱ्याकडे कबड्डीच्या सामन्यांचा जुना फ्लेक्स संगणकात तयार होता. त्याने कबड्डी पुसून पेंटबॉल केलं आणि बाकीचं तसंच ठेवलं. आमच्या दारावर लागलं, "अखिल भारतीय भव्य पेंटबॉल". भावाने तो बदलून घेतला नाही. म्हणाला, "ताई, असू दे. लांबून चांगलं दिसतं." राष्ट्रीय चळवळीचा पाया हा असा घातला गेला.

त्याच महिन्यात बंगळूरचा एक संगणक इंजिनीयर खोलीत उतरला. त्याने फ्लेक्स वाचला आणि खरा मानला. शिकलेल्या माणसांचं हेच अवघड असतं. अखिल भारतीय संस्था आहे आणि इंटरनेटवर तिचा फोरम नाही याचं त्याला इतकं वाईट वाटलं की परत जायच्या आधी त्याने पडवीत बसून फोरम उभा केला. पहिल्या आठवड्यात अकरा सभासद झाले. त्यातले तीन माझा भाऊच होता. एका नावाने प्रश्न विचारायचा, दुसऱ्याने उत्तर द्यायचा आणि तिसऱ्याने वा वा म्हणायचा.

मग खरी माणसं यायला लागली. पुण्याचे एक दातांचे डॉक्टर आले, इंदूरचा कापडदुकानवाला आला, गुवाहाटीची कॉलेजातली एक मुलगी आली. दिल्लीचे एक गृहस्थ आले. त्यांनी आयुष्यात पेंटबॉलचं मैदान पाहिलं नव्हतं, म्हणून सगळ्यात जास्त तेच लिहायचे. हत्याराला "बंदूक" म्हणायचं की "मार्कर", यावर पावसाळाभर भांडण चाललं. दोन सभासद कायमचे सोडून गेले. आमच्या दमट हवेत गोळ्या फुगून नळीत अडकायच्या, त्यावर वातानुकूलित कपाट घ्या असा सल्ला आला. माझ्या भावजयीने गोळ्यांचे डबे तांदळाच्या पिंपात पुरून ठेवले. गोळ्या ठणठणीत कोरड्या राहिल्या. फोरमवर हा उपाय अशास्त्रीय ठरला.

बंदुकांची हवा गळायला लागली तेव्हा अमेरिकेहून सामान मागवा असं ठरत होतं. भाऊ काही कामाने माणगावला गेला असता हायवेवरच्या एका पंक्चरवाल्याला त्याने सहज बंदूक दाखवली. त्याने ती कानाशी धरली, रबराचा एक वायसर कापून बसवला आणि परत दिली. गळती बंद. मग सगळ्याच बंदुका त्याच्याकडे जाऊ लागल्या आणि एका रविवारी भाऊ त्यालाच खेळायला घेऊन आला.

त्या पहिल्याच खेळात तो केवड्याच्या जाळीतून हात वर करून बाहेर आला. "लागली," म्हणाला. कुणीच पाहिलं नव्हतं. त्याने पाय उचलून दाखवला. बुटाच्या टाचेला ठिपका होता. आम्ही सगळ्यांनी सांगितलं, अरे, टाच कोण धरतंय. तो म्हणाला, "गोळी फुटली ना? मंग लागली. त्यात काय इचारायचं?" आणि बाहेर येऊन नारळाच्या बुंध्याला टेकून बसला.

बंगळूरच्या इंजिनीयरला हे कळलं तेव्हा त्याला भरून आलं. फोरमचा नियम क्रमांक एक तिथून निघाला, ज्याला लागली त्यानेच सांगायचं. तो लिहून काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात टायपिंग मलाच येतं. मी लिहिलं, "सहभागी खेळाडूने स्वखुशीने, कोणाच्याही दबावास बळी न पडता..." वगैरे वगैरे. एका टाचेचा मी दीड पानाचा कायदा केला. लोक थक्क झाले. वादांचा निवाडा करायला मुख्य नियंत्रक म्हणून मलाच नेमलं. दिल्लीचे गृहस्थ मला "मॅडम" म्हणू लागले. कोर्टासमोर मला सगळे "ओ टायपिंग" अशी हाक मारतात. तेव्हा मॅडम ऐकल्यावर माझं काय झालं असेल ते समजून घ्या.

मग त्या मे महिन्यात राष्ट्रीय सामने भरले, आमच्याच वाडीत. त्यातून सहा जणांचा संघ निवडून मलेशियातल्या स्पर्धेला जायचा होता. आमच्या माणगाववाल्या पंक्चरवाल्याचं नाव सगळ्यांनी धरलेलंच होतं. त्याने त्यासाठी पासपोर्ट काढला होता आणि तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून सामन्यालाही आणला होता, कुणी मागितलाच तर म्हणून. माझ्या भावाचं नाव धरलेलं नव्हतं. पण ज्याची वाडी त्याला आशा असणारच.

शेवटचा सामना नागाव विरुद्ध माणगाव, म्हणजे त्याने गावची पोरं जमवून उभा केलेला संघ. माणगाववाला विहिरीजवळच्या झाडाखाली पाव तास पालथा पडून राहिला. हलला नाही की खोकला नाही. आमची माणसं कंटाळून उभी राहिली, तसा तो उठला, धावला आणि त्याने झेंडा उपटला. टाळ्या पडल्या. मग तो वळला आणि त्याच्या पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये हा एवढा लाल डाग. नागावच्या गोळ्या त्या दिवशी लालच होत्या. दातांच्या डॉक्टरांनी लगेच फोटो काढून फोरमवर टाकला आणि सगळ्या भारताने तो जागेवर पाहिला.

"न्हाय लागली," तो म्हणाला. "लागली असती तर मी सांगितलं असतं."

नियमाप्रमाणे निर्णय माझा. लागलेली गोळी दडवली तर कायमची बंदी, हेही मीच लिहून ठेवलं होतं. मी जवळ जाऊन पाहिलं. विहिरीजवळचं ते झाड रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं आहे. मे महिन्यात पिकलेला रातांबा टपकन खाली पडतो, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. जन्मापासून दर मेमध्ये मी आमसुलं करत आले आहे, बोटं आठवडाभर लाल घेऊन हिंडले आहे. डाग काठाला जांभळट होता. त्याला आंबूस वास येत होता. पेंटबॉलचा रंग बुळबुळीत असतो आणि त्याला असला वास येत नाही. मला कळायला फार तर दोन सेकंद लागले.

भावाने मला विहिरीच्या आड नेलं. म्हणाला, "ताई, रातांबा म्हणालीस तर संपलं बघ. झाडाखाली मैदान मांडलं म्हणून सगळे हसतील. परत इथं कोण येणार?" मी म्हटलं, "मग झाड तोड." तो म्हणाला, "वेडी आहेस काय? आमसुलं कशाची करायची?" आमचं घराणं हे असं. देश बुडाला तरी चालेल, सोलकढी टिकली पाहिजे.

मी पडवीत बसले आणि निकाल टाइप करून फोरमवर टाकला. "पाठीवरील डाग हा गोळीचाच असल्याचे सकृद्दर्शनी दिसून येते. सदर खेळाडूने ही बाब हेतुपुरस्सर दडवली..." इंग्रजीत एकदा आणि मराठीत एकदा, आरोपीला समजेल अशा भाषेत. मी न्यायाला किती जपते बघा! दिल्लीचे गृहस्थ लिहून मोकळे झाले, "ऐतिहासिक." गुवाहाटीच्या मुलीने उभं राहून टाळ्या वाजवणारी बाहुली टाकली. आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. लाज वाटली ती नंतर.

माणगाववाल्याने फोरमवर एक अक्षर लिहिलं नाही. भांडला असता तर मी नियम दाखवून त्याला गप्प तरी केलं असतं. त्याच्या जागी माझा भाऊ मलेशियाला गेला. तिथे आमच्या बंदुकांची हवा गळाली आणि संघ पहिल्याच फेरीत परतला. फोरमने एकमताने हवामानाला दोष दिला.

दोन महिन्यांनी पुण्याच्या डॉक्टरांनी फोरमवर प्रश्न टाकला. सामन्याच्या दिवशी विहिरीजवळ बसून डबा खाताना त्यांच्या पांढऱ्या शर्टालाही लाल डाग पडला होता. एरवी पेंटबॉलचा रंग साध्या पाण्याने जातो. हा चार धुण्यांत जाईना. तर हा रंग कोणत्या कंपनीचा? झालं. पानंच्या पानं चर्चा झाली. कुणी चीनचं नाव घेतलं, कुणी भेसळ म्हणालं. दिल्लीच्या गृहस्थांनी रंगाच्या रसायनावर तीन भागांचा लेख लिहिला. आठवडाभर मी ते वाचत होते आणि उत्तर लिहून पुसत होते. कारण चार धुण्यांत न गेलेला आणखी एक शर्ट माणगावला होता.

शेवटी मी लिहिलं, "तो रातांबा आहे."

लगेच इंदूरहून विचारणा आली, "रातांबा ही कंपनी कुठली?"

मग मी सगळंच लिहिलं. तोही डाग रातांब्याचाच होता, मला त्याच क्षणी कळलं होतं, तरी मी निकाल दिला. माझं पद गेलं, बंदी उठली, भाऊ पंधरा दिवस बोलला नाही. कबुलीनंतर मला क्षमा करावी की नाही यावर फोरमचे दोन तुकडे झाले. आज देशात दोन अखिल भारतीय फोरम आहेत आणि दोघांचीही सभासदसंख्या वाढते आहे. चळवळ अशीच फोफावते म्हणतात.

पण ज्याची माफी मागायची तो फोरम वाचत नव्हता. म्हणून एका शनिवारी एसटीने माणगावला गेले.

तो ट्रकखाली होता. मला पाहून म्हणाला, "बसा ताई घरात, एवढं चाक चढवतो." दुकानामागेच घर. त्याची बायको पाणी घेऊन आली. मी कोण ते तिला सांगावं लागलं नाही. मी काही बोलायच्या आत तिने आतून तो शर्ट आणला आणि माझ्यासमोर पसरला. डाग तसाच होता, फक्त फिका झालेला.

"रातांबा हाय ह्यो," ती म्हणाली. "पयल्या धुण्यातच कळलं मला. माझ्या म्हायेरी दारात झाड हाय."

"मग तुम्ही तेव्हाच का नाही..."

"तुमी लिवलं हुतं ना. ह्यांच्या भावानं मोबाइलवर दाखवलं. सदर, हेतुपुरस्सर. एवढं शिकलेलं मानूस कोर्टातल्यासारखं लिवतंय, ते खोटं कशाला लिवंल? म्हटलं, माझंच चुकत आसंल." ती शर्टाची घडी घालू लागली. "तिसऱ्यांदा धुतला आन ह्यांना इचारलं, खरं सांगा, लागली हुती का? चौदा वर्सं झाली लग्नाला. हा मानूस कदी खोटं बोलला न्हाय. आन मी इचारलं."

"काय म्हणाले?"

"काय न्हाय. ताटावरून उठले."

मी तिला सांगितलं की आता फोरमवर सगळं खरं लिहिलंय, सगळ्या देशाने वाचलंय. माझ्याच तोंडाची मला किळस आली.

"ते तिकडं झालं," ती म्हणाली. "मला लिवून द्या."

मी पिशवीतून लॅपटॉप काढायला गेले. तिने घरातली एक वही आणि पेन पुढे केलं. मी सवयीने "मी, खाली सही करणार" असं लिहिलं आणि ते खोडलं. मग लिहिलं, "तो डाग रातांब्याचा होता. मला ते तेव्हाच कळलं होतं. तुमचे यजमान खरं बोलत होते." खाली सही केली. ज्याच्या शब्दाशब्दाला मला जागावं लागेल असा कागद मी किती वर्षांनी लिहिला, देव जाणे.

तिने अक्षरावर बोट ठेवून सगळं वाचलं. पान फाडून घडी केली आणि फळीवरच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं. त्यात रेशनकार्ड होतं आणि त्याचा पासपोर्ट होता. बाहेर चाकाचे नट आवळल्याचा आवाज थांबला. तो हात धुवायला मोरीकडे गेला.

ती दाराकडे बघत हळूच म्हणाली, "तुमी दिलंत लिवून. आता मी ह्यांना काय लिवून देऊ?"

पंचवीस वर्षं मी लोकांना मजकूर करून देते. हा मला आला नाही.