बाबांच्या पिकअपचं ॲव्हरेज

बाबांची पिकअप लिटरला तेरा किलोमीटर द्यायची. मग अकरा झालं, मग नऊ. नऊवर आली तेव्हा त्यांनी मला ठाण्यात वर्तकनगरला फोन केला, आणि आवाज असा होता की घरात कोणीतरी आजारी पडलंय असं वाटावं.

"अगं, गाडीत दम राहिला नाही. मुंब्रा बायपासच्या चढावर उठतच नाही. तुझ्या त्या इंटरनेटवर बघ जरा."

बाबा कल्याणजवळ मोहन्यातल्या कंपनीत ट्रक चालवायचे. नोकरी संपल्यावर त्यांनी ही जुनी पिकअप घेतली आणि कल्याणबाहेरच्या एका नर्सरीची झाडं ठाण्याच्या सोसायट्यांमध्ये पोचवायला लागले. मीही गाडी शिकले ती याच पिकअपवर. आई गेल्यापासून ते मोहन्यात एकटेच होते. रोज फोन व्हायचा, पण जेवलात का, शुगरची गोळी घेतली का, एवढ्यावर संपायचा. गाडी बिघडली आणि आम्ही खरंच बोलायला लागलो. खोटं कशाला सांगू, ते चार महिने मला बरे वाटत होते.

मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाचायचे आणि त्यांना सांगायचे. एअर फिल्टर उघडला तर त्यात नर्सरीची लाल माती गच्च बसलेली. टायरमध्ये हवा कमी होती, ती भरली. टपावरचा लोखंडी कॅरिअर उगाच वजन म्हणून काढून टाकला. इंजिनात डिझेल सोडणारे नोझल साफ करून घेतले. दर वेळी टाकी काठोकाठ भरायची आणि परत भरेपर्यंत किती किलोमीटर झाले ते बघायचं. एकदा दहा आलं तेव्हा त्यांनी मीटिंग चालू असताना फोन केला. "दहा! दहा दिले गं!" मी बाहेर येऊन हसत उभी राहिले. पुढच्या टाकीला परत नऊ.

शेवटी त्यांच्या नेहमीच्या मेकॅनिकने मला बाजूला घेतलं.

"ताई, क्लच प्लेट जळलेय. आठ महिन्यांपूर्वीच नवीन टाकलेली मी. एवढ्यात जात नाही. काका पाय क्लचवर ठेवून चालवत असतील."

बाबांनी ते ऐकलं. "मी? अरे, तू जन्माला यायच्या आधीपासून ट्रक चालवतोय मी. क्लचवर पाय ठेवणाऱ्याला आम्ही गाडीला हात लावू देत नव्हतो." ते तडक घरी निघून गेले. मीही त्यांचीच बाजू घेतली. मेकॅनिकला म्हटलं, दुसरं काहीतरी असेल, नीट बघा.

पुढच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर गेले. मागे बोगनवेलीच्या कुंड्या होत्या. शीळफाटा मागे टाकून बायपासला लागलो. चढ सुरू झाला तशी इंजिनाने मोठ्याने कण्हायला सुरुवात केली, पण वेग काही वाढेना. मागचे ट्रक हॉर्न मारत होते. गाडीत जळका वास भरला. मी सहज खाली बघितलं. त्यांचा डावा पाय क्लचच्या पेडलवर होता. पेडल अर्धवट दाबलेलं.

"बाबा, क्लचवरून पाय काढा."

"काढलेलाच आहे."

"नाही, ठेवलाय तुम्ही."

"अगं, खाली आहे पाय," ते रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाले. चिडले नव्हते. खोटंही बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

मी वाकले आणि दोन्ही हातांनी त्यांचा पाय उचलून खाली ठेवला. गाडी एकदम पुढे झेपावली. बाबांनी खाली बघितलं, मग माझ्याकडे. चढ संपल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली आणि हँडब्रेक ओढला.

मी त्यांच्या डाव्या पायातली चप्पल काढली. मोजा तळव्याला चिकटला होता. तो सोडवला तर चवड्यात बोगनवेलीचा काटा रुतलेला, मोडून आत राहिलेला, आणि भोवतीची कातडी काळी पडलेली. "कधी लागला हा?" मी विचारलं. ते बराच वेळ पायाकडे बघत राहिले, दुसऱ्या कोणाचा असावा तसे. "कळलंच नाही," म्हणाले.

तिथून मी गाडी चालवली. कुंड्या पोचवल्याच नाहीत, सरळ हॉस्पिटलला गेलो. डॉक्टर म्हणाले, शुगरने पायाची जाणीव कधीचीच गेली आहे. आधी दोन बोटं काढली. तीन आठवड्यांनी उरलेली तिन्हीही काढावी लागली.

मधल्या काळात मेकॅनिकने नवी क्लच प्लेट टाकली. मीच गाडी फिरवली, टाकी भरून मोजलं. साडेबारा. हॉस्पिटलमध्ये जाऊन सांगितलं तर ते उशीला टेकून उठून बसले. "बघ! मी म्हणत नव्हतो, इंजिनात काही खोट नाही म्हणून?" चेहरा खुलला होता. मग तो हळूहळू उतरत गेला. त्यांनी चादर पायावर ओढली आणि भिंतीकडे तोंड केलं.

चार महिने मी त्या गाडीचा एकेक भाग तपासत होते. गोळी घेतली का, एवढं रोज विचारायचे, आणि ते हो म्हणाले की मी पुढे कधी बघितलं नाही. ते चप्पल फरफटत चालायला लागले होते, तेही मला दिसलेलं. वाटलं, वय झालं.

पिकअप नर्सरीवाल्यानेच घेतली. न्यायला आला तेव्हा बाबांनी त्याला तासभर समजावलं: टायरची हवा, फिल्टर, चढावर गिअर कधी बदलायचा. क्लचबद्दल काही बोलले नाहीत.

आता ते माझ्याकडे राहतात. सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी त्यांचं ड्रेसिंग करते. डॉक्टरांनी सांगितलंय, रोज बोट लावून विचारत जा. मी उरलेल्या तळव्यावर बोट ठेवते आणि म्हणते, "बाबा, इथे कळतंय?"

ते आधी माझं बोट कुठे आहे ते बघतात. मग म्हणतात, "हो. कळतंय की."