उरलेल्यात नशीब किती

कुवाबारासान यांचं लोणच्याचं दुकान आमच्या बाजारगल्लीच्या तोंडाशीच आहे. मुळा आणि मीठ यांचं प्रमाण त्या अंदाजाने कधी घेत नाहीत, तोलूनच घेतात. म्हणूनच असेल, वर्षअखेरीच्या सोडतीचं लाकडी पिंप गल्लीने त्यांच्याकडे दिलं. खरेदी केली की पिंपाची मूठ एकदा फिरवायची, आतली एक गोळी खालच्या ताटात पडते. लाल गोळी पडली तर खारवलेला सामन मासा, पांढरी पडली तर कागदी रुमालांचं पुडकं.

यंदा गल्लीचे अध्यक्ष मोरोझुमीसान यांनी बजावलं होतं, "संध्याकाळपर्यंत पिंप रिकामं झालं नाही, तर पुढच्या वर्षी सोडत बंद. दुपारनंतर कुत्रंही फिरकत नाही."

ते खरंच होतं. 'उरलेल्यात नशीब असतं' असं आम्ही उठसूट म्हणतो, पण रांग मात्र सकाळीच लावतो. दुपारी मी गेले तेव्हा पिंपापुढे कोणी नव्हतं. कुवाबारासान ताटात पडलेल्या गोळ्या मोजत होत्या.

"सकाळी आत लाल वीस, पांढऱ्या तीनशे ऐंशी. एका लालमागे एकोणीस पांढऱ्या, म्हणजे विसात एक. आता ताटात लाल पाचच आहेत, पांढऱ्या दोनशे पंचेचाळीस. आत काय उरलं?"

"लाल पंधरा," मी वजाबाकी करत म्हणाले, "पांढऱ्या एकशे पस्तीस."

"एकास नऊ. दहात एक. सकाळच्या दुप्पट, नागासेसान, आणि लोक घरी बसलेत."

खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं: सकाळी विसात एक, आता दहात एक.

तेवढ्यात तिथे आलेले मोरोझुमीसान पाटी वाचून हसले. "आपलंच लोणचं आंबट कोण म्हणेल? लोकांना हे खरं वाटायचं नाही."

"गेल्या वर्षी दुपारी चाळिसात एक उरलं होतं. तेही मीच लिहून लावलं होतं."

"आणि लोक परत गेले."

"गेले. पण वाचून गेले."

तेच कामी आलं. पहिली आली मासळीवाल्याची सासू. पाटी बघून म्हणाली, "गेल्या वर्षी हिनेच मला घरी पाठवलं. आज बोलावतेय, तर घ्या फिरवून." तिला लाल लागली. मग रांग वाढतच गेली. कुवाबारासान मधूनमधून ताट मोजून पाटीवरचा आकडा बदलत राहिल्या.

मला पांढरी लागली. "दहात एक म्हणालात ना?"

"मग नऊ जणांनी नाक पुसायलाच हवं. आज तुम्ही पुसा."

दिवे लागता लागता शेवटची गोळी पडली. मोरोझुमीसाननी पिंप हलवून पाहिलं. आतून काही वाजलं नाही. मग त्यांनी ते उचलून काखेत घेतलं.

"ठेवू कुठे हे?"

"कोरड्या जागी," कुवाबारासान म्हणाल्या. "ओलीने लाकूड फुगलं, तर पुढच्या वर्षी फिरायचं नाही."